ऑफिसातला सर्व्हर की सर्व्हर फार्म?

धागाकर्ता
आमच्याकडे सध्या हाच वाद चाललाय, सगळा डेटा ऑफिसातल्याच एका खोलीत ठेवायचा की सर्व्हर फार्ममध्ये, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, न्यायचा. माझं मत सरळ आहे, न्यायचा. कारण मशीन कधी ना कधी बंद पडणारच, डिस्क जाते, पॉवर सप्लाय जळतो. सर्व्हर फार्म म्हणजे नुसते हजारो सर्व्हर रॅकमध्ये रचलेत असं नाहीये, त्यातला कुठलाही एक गेला तरी काम अडू नये अशी ती सगळी मांडणी असते. पुढे लोड बॅलन्सर बसलेला, तो आलेली रिक्वेस्ट ज्या सर्व्हरवर ताण कमी आहे तिकडे देतो आणि एखादा उत्तर देईनासा झाला की त्याला बाजूला काढतो. डेटाच्या दोन-तीन कॉप्या वेगवेगळ्या मशीनवर. वीज गेली तर यूपीएस काही मिनिटं ओढतो तेवढ्यात डिझेल जनरेटर चालू.
नेटफ्लिक्सचं बघा. २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस खराब झाला, तेव्हा ते पोस्टाने डीव्हीडी पाठवायचे, तर तीन दिवस एकही डीव्हीडी पाठवता आली नाही. मग स्वतःची डेटा सेंटर सोडून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर, जायचं ठरवलं, ते काम पुरं व्हायला २०१६ उजाडलं.

प्रतिसाद १
असहमत. नेटफ्लिक्सचा ताण संध्याकाळी वाढतो पहाटे उतरतो, त्यांना लागेल तेव्हा सर्व्हर वाढवायची सोय परवडते. ज्यांचं काम वर्षभर एकाच चालीने चालतं त्यांनी मिनिटाच्या हिशोबाने भाडं का भरायचं? बेसकॅम्प हे ऑफिसकामाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि स्वतःचे सर्व्हर विकत घेतले. ऑनलाइन फायली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सनेसुद्धा लोकांच्या बहुतेक फायली अ‍ॅमेझॉनवरून उचलून स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या.
आणि फार्म म्हणजे सुरक्षित हे कुणी सांगितलं? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, एक अख्खी इमारत गेली. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला.

धागाकर्ता
@प्रतिसाद १ तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत हो. बेसकॅम्पवाल्यांनी सर्व्हर घेतले पण ठेवले कुठे, तर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, ऑफिसातल्या खोलीत नाही. माझा आग्रह क्लाउडच्या बिलाचा नाहीच, मशीन कुणाच्या मालकीची हा वेगळा प्रश्न आहे. दोन वीजजोडण्या, कूलिंग, आग विझवायची यंत्रणा, चोवीस तास माणूस, हे एका खोलीसाठी कोण उभं करणार? स्ट्रासबर्गचं मान्य, म्हणून तर दोन ठिकाणं हवीत, आणि तीही एकमेकांपासून लांब.

प्रतिसाद २
तुम्ही दोघंही विजेबद्दल गप्प आहात. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या एकूण विजेतली २१ टक्के डेटा सेंटरनी खाल्ली, शहरांतल्या सगळ्या घरांपेक्षा जास्त. शिवाय बऱ्याच ठिकाणी कूलिंगसाठी पाण्याची वाफ करून उडवून टाकतात ते वेगळंच. कंपनीचा खर्च वाचतो पण ग्रिडवर येणारा भार शेजारपाजारच्या सगळ्यांवर पडतो.

प्रतिसाद ३
@प्रतिसाद २ पण तेच सर्व्हर हजार ऑफिसांत विखुरले तर वीज जास्तच जाईल ना. गूगलच्या मोठ्या सेंटरमध्ये सर्व्हरला १०० युनिट लागली तर कूलिंग वगैरेला साधारण १० युनिट वर लागतात, छोट्या खोलीत एसी लावून हे जमणं अवघड. ऑफिसातला सर्व्हर रात्रभर रिकामा घुरघुरत असतो, फार्मात एकाच मशीनवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेले वेगवेगळे सर्व्हर, टाकून पाच-दहा जणांचं काम निघतं.

प्रतिसाद २
दर कामामागे वीज कमी लागते हे खरं. पण कामच इतकं वाढतंय, त्यात आता एआय, की एकूण आकडा खाली येत नाही. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगाची साधारण दीड टक्का वीज डेटा सेंटरना लागली, आणि ती जगभर सारखी पसरलेली नाही, मोजक्या जागी गोळा होते. तिथल्या लोकांना आधी विचारलं पाहिजे.

प्रतिसाद १
धागाकर्ते, जायचंच असेल तर दोन गोष्टी सही करण्याआधी बघा. एक, उद्या डेटा बाहेर काढायचा झाला तर किती पैसे लागतील, कारण आत टाकणं बहुतेक फुकट असतं आणि काढताना बऱ्याचदा बिल येतं. दुसरं, बॅकअपवरून सगळं परत उभं करून बघा, जुन्या मशीनला हात न लावता. ते जमेपर्यंत खोलीतला सर्व्हर बंद करू नका.