बाळ येण्याआधी घर बदलावं का? माझं मत: नुसत्या खोलीसाठी नको

पाऊलवाट (धागाकर्ती)

दिवस गेल्याचं कळलं की घरात लवकरच एक वाक्य ऐकू येतं, "आता ही जागा पुरायची नाही." माझ्या धाकट्या बहिणीकडे सध्या तेच चाललंय. तिला 22वा आठवडा आहे आणि दोघं मोठं घर बघतायत. तिला मी जे सांगितलं ते तिला पटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

केवळ जागा कमी पडेल म्हणून बाळंतपणाच्या तोंडावर बिऱ्हाड हलवू नये, असं माझं ठाम मत आहे. तान्ह्या बाळाला स्वतःची खोली लागतच नाही. निदान पहिले 6 महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. सुरुवातीला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं असतं, त्यामुळे बाळ पलीकडच्या खोलीत असलं तर हालच आपले. रांगायला लागेपर्यंत त्याला पाळण्यापुरता कोपरा पुरतो. वेगळ्या खोलीची गरज खोटी नाही, पण ती आजची नाही.

आज गरज आहे माणसांची. बहीण आत्ता राहते तिथे खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली असते, आई चालत येऊ शकते, मी दहा मिनिटांवर आहे. नवं घर या सगळ्यांपासून तासाभरावर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या साधारण 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. अशा वेळी अनोळखी इमारतीत दिवसभर ती आणि बाळ, दोघंच. मला याची फार काळजी वाटते.

उंबरठा

अजिबात पटलं नाही. "नंतर बदलू" म्हणणाऱ्यांनी ते नंतर म्हणजे नेमकं कधी, हेही सांगावं. बाळ 6 महिन्यांचं होतं तोवर बहुतेकींची रजा संपलेली असते, झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालत असतं. खोकी उघडताना जमिनीवर पडलेला स्क्रू, सुतळीचा तुकडा, चिकटपट्टीचा गोळा, काहीही. त्यापेक्षा 14 ते 27 हे आठवडे कितीतरी बरे. मळमळ बहुतेकींची ओसरलेली असते आणि पोट अजून फार अवघडलेलं नसतं.

आम्ही तेव्हाच हललो. मी एकही खोकं उचललं नाही. खुर्चीत बसून प्रत्येकावर काय आहे आणि कुठल्या खोलीत जायचंय ते लिहीत होते, बस. बाळ आलं तेव्हा घर अंगवळणी पडलं होतं. रात्री अंधारात हात बरोबर दिव्याच्या बटणावर जायचा, नळ किती फिरवला की पाणी कोमट येतं ते माहीत होतं. रडणारं बाळ खांद्यावर असताना याची किंमत कळते.

पाऊलवाट

तुम्ही हललात ते त्याच भागात की लांब?

उंबरठा

दोन गल्ल्या पलीकडे. पण मुद्दा वेळेचा आहे, अंतराचा नाही.

पाऊलवाट

माझ्यासाठी तोच मुद्दा आहे. दोन गल्ल्या असत्या तर मी धागाच काढला नसता.

निळीशाई

पाऊलवाट यांच्याशी सहमत. होम्स आणि राहे यांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण देणारी मोजपट्टी काढली. जोडीदाराच्या मृत्यूला 100, गर्भारपणाला 40, घरात नवं माणूस येण्याला 39 आणि घर बदलण्याला 20. गर्भारपण आणि घरात नवं माणूस हे दोन बदल ठरलेलेच आहेत, मग तिसरा आपल्या हाताने त्यात का घालायचा?

उंबरठा

त्याच मोजपट्टीत राहणीमान बदलण्याला 25 गुण आहेत आणि तो बदल बाळ आल्यावर जुन्या घरातही होणारच. शिवाय ती पट्टी बदल किती मोठा एवढंच मोजते, तो आपल्याला हवा होता की नको होता हे मोजत नाही. अडचणीच्या घरात रोज कुढत राहण्याचे गुण कुठल्या रकान्यात मांडायचे?

मधला जिना

बायकोला 20वा आठवडा आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. झोपायच्या खोलीतली एक भिंत कायम ओली असते, कपाट पुढे ओढलं की मागे काळी बुरशी. घरमालक तोंडी म्हणतो "राहा की", पण करार वाढवून द्यायला तयार नाही, आणि करार संपेल तेव्हा बाळ जेमतेम दोन महिन्यांचं असेल. सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात. मग बाळ, पिशवी आणि चार मजले कसे जमणार? ती खाली उतरायचंच सोडून देईल. "बाळंतपणाआधी घर बदलू नका" असं सरसकट ऐकलं की राग येतो, कारण आमच्या घरच्या सगळ्यांनी तेच लावून धरलंय.

पाऊलवाट

दादा, तुम्ही हलाच, आणि लवकर हला. मी नुसत्या खोलीसाठी नको म्हटलं होतं. ओल, जिना आणि हातात नसलेला करार यातलं एकेक कारणही पुरेसं आहे. घरच्यांना करार संपायची तारीख आणि बाळंतपणाची तारीख एका कागदावर लिहून दाखवा.

रातपाळी

मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. कोण बरोबर ते सोडते, आमच्याकडे जे दिसतं ते सांगते.

घराआधी दवाखाना ठरवा. नव्या भागात प्रसूतीसाठी नाव घेतात का, मागचे सगळे तपास मान्य करतात का, हे विचारून मगच अनामत द्या. उशिरा आलेल्या बाईचे रिपोर्ट हाताशी नसले की रक्तगटापासून सगळं पुन्हा, आणि रक्तदाब आधी किती असायचा हे कुणालाच माहीत नसतं. फाईल टेम्पोत चढवू नका, ती तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत हवी. 37 आठवड्यांनंतर तर कळा कधीही सुरू होऊ शकतात, तेव्हा त्या आठवड्यांत सामान हलवायचा बेत नकोच.

दुसरं, रंगकाम. जुन्या घराचा रंग खरवडून काढणार असतील तर गरोदर बाईने तिथे थांबू नये, धूळ पूर्ण साफ झाल्यावरच राहायला जावं. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरांसाठी असे रंग 1978 मध्ये बंद झाले, बऱ्याच देशांत त्यानंतर खूप उशिरा. शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं. "बाळाची खोली रंगवू या" म्हणून हौसेने पॉलिश पेपर हातात घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून कळकळीने सांगते.

उचलाउचल तर नकोच. सांधे सैल झालेले असतात, पोटामुळे तोल बदललेला असतो, पाय सटकायला वेळ लागत नाही.

उंबरठा

पाऊलवाट, एक विचारायचं राहिलं. बहिणीचं म्हणणं काय आहे? एवढ्या चर्चेत ते कुठेच आलं नाही.

पाऊलवाट

नवं घर तिच्या नवऱ्याच्या कामाच्या अगदी जवळ आहे. आत्ता तो अंधार पडल्यावर घरी येतो, तिथून दुपारीही येऊन जाऊ शकेल. "मला आई आणि तू हव्याच आहात, पण बाळाचा बाप घरात जास्त हवाय," असं ती म्हणते.

उंबरठा

मग हे खोलीसाठी कुठे आहे? ती माणसासाठीच चाललीय की! रात्री तीन वाजता काकू वर येणार नाहीत, आईला रोज जिने चढवणार नाहीत. नवरा तिथे असेल. बाळाला बापाची सवय पहिल्या दिवसापासून लागली तर ते तुमच्या दहा मिनिटांपेक्षा मोठं आहे.

पाऊलवाट

तो चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण दुपारी येऊन जाणं म्हणजे जेमतेम तासभर. बाकीचा दिवस कोणाचा? आणि नोकरी बदलली तर ते जवळपणही गेलं. आई मात्र कुठे जाणार नाही. तरी तिने हलायचंच ठरवलं तर मी अडवणार नाही. सुरुवातीचे काही आठवडे आई तिच्याकडे राहायला जाईल आणि घर या महिन्यातच बदलायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेणार आहे.

मधला जिना

आमच्याकडे आज तारखांचा कागद दाखवला. वडील काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पहिल्या मजल्यावरची एक जागा बघायला स्वतःहून बरोबर आले. भिंतींना हात लावून लावून बघत होते. रातपाळी ताई, तिथला दवाखाना नाव घ्यायला तयार आहे, पण आधीच्या सोनोग्राफीच्या फिल्म मागतायत. नुसते रिपोर्ट चालतील का?

रातपाळी

बहुतेक ठिकाणी रिपोर्ट चालतात, पण ते मागतायत तर फिल्मही न्या. सगळ्याच्या झेरॉक्स काढून एक संच घरी ठेवा.