उत्तर: पीएचपीत स्ट्रिंग दाबली तरी मोठी का होते

वर विचारलंय की पीएचपीच्या जीझेडकॉम्प्रेस या दाबायच्या फंक्शननं दाबूनसुद्धा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, उलट मोठी का होतेय, तर आधी तिची लांबी बघा ना राव. नुसतं 'सोलापूर' घेतलं तरी एसटीआरलेन (बाइटमधली लांबी मोजणारं फंक्शन) २१ सांगतं, कारण काना-मात्रा धरून सात कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट. एवढीशी स्ट्रिंग दाबून २१ च्या पुढंच जाणार, हेडर (सुरुवातीची खूण) आणि चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) यांचेच ६ बाइट वर चढतात. डेटाबेसमधले गावाच्या नावाचे कॉलम न दाबता सोडून द्या सरळ.

फायदा कुठं, तर लांबलचक जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकुरासारखा लिहून ठेवतात त्यात. आमच्या इकडं एका टॉवेलवाल्याच्या ऑर्डरी अशाच ठेवलेल्या, प्रत्येक ओळीला तेच रंग, साइझ, डझन, पार्टी, असलं रिपीट होणारं काही असलं की डिफ्लेट, म्हणजे जीझेडकॉम्प्रेसची आतली दाबायची पद्धत, मस्त चालतं, फक्त मागचं ३२ केबीच बघतं ते. आणि जेसन-एनकोड करताना अनएस्केप्ड युनिकोडचा फ्लॅग टाका, नाहीतर प्रत्येक मराठी कोडपॉइंटचे सहा-सहा कॅरेक्टर होतात आणि मग दाबत बसा.

दाबलेल्याचं बेसचौसष्ट (बायनरी डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) मात्र कशाला करायलाय? ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे कमावलेलं तिथंच गेलं. टेक्स्ट कॉलमला बायनरी चालत नाही म्हणून करत असाल तर कॉलमच ब्लॉब (बायनरी ठेवायचा प्रकार) करा की. दाबायच्या लेव्हल ९ चा पण हट्ट नको, डिफॉल्ट ६ पुरते, वर गेलं की वेळ जास्त खातं आणि जागा किरकोळ वाचते.

हां, मायएसक्यूएल डेटाबेसच्या कॉम्प्रेस फंक्शननं दाबलेलं पीएचपीत उघडायचं असेल तर सुरुवातीचे ४ बाइट कापून टाका, त्यात मूळ लांबी असते.