ग्रीनॉक (स्कॉटलंड): २००१, २०११ आणि २०२२ च्या जनगणनांत माणसं आणि घरं यांचा मेळ कसा घालायचा?

नकाशावाचक
इनव्हरक्लाइड कौन्सिलची (ग्रीनॉक जिच्या हद्दीत येतं ती स्थानिक स्वराज्य संस्था) लोकसंख्या २००१ मध्ये ८४,२०३ होती, २०११ मध्ये ८१,४८५ झाली आणि २०२२ मध्ये साधारण ७८,४०० वर आली. मला यातल्या फक्त ग्रीनॉक शहराची तुलना करायची आहे. वेगवेगळ्या तक्त्यांत 'ग्रीनॉक' या नावापुढे वेगवेगळे आकडे दिसतात. दुसरं म्हणजे, माणसं घटली की घरांची गरजही तेवढीच घटते असं धरता येईल का? भाडेकरूंचे 'कौन्सिल' आणि 'गृहनिर्माण संस्था' (ना-नफा तत्त्वावर घरं भाड्याने देणाऱ्या) हे रकाने वेगळे ठेवावेत का?

सीमारेषा
आकडे जुळत नाहीत कारण हद्द एक नाही. स्कॉटलंडमध्ये 'सेटलमेंट' म्हणजे सलग बांधकामाचा पट्टा, आणि त्यात एकाहून जास्त 'लोकॅलिटी' (स्वतंत्र ओळख असलेली गावं-शहरं) असू शकतात. ग्रीनॉकला एका बाजूला गुरॉक आणि दुसऱ्या बाजूला पोर्ट ग्लासगो जवळजवळ चिकटलेलं आहे, त्यामुळे कुठला आकडा कुठल्या हद्दीचा हे आधी तपासा. लोकॅलिटीच्या सीमाही मधूनमधून नव्याने आखल्या जातात.

म्हणून तयार आकडे घेऊच नका. २०२२ ची हद्द पक्की धरा आणि तिन्ही वर्षांचे 'आउटपुट एरिया' (आकडे मिळतात ते जनगणनेचे सगळ्यात छोटे भाग) तिच्यात बसवा. संपूर्ण स्कॉटलंडमध्ये हे २००१ ला ४२,६०४ होते आणि २०११ ला ४६,३५१, म्हणजे एकास एक जोडी लागणार नाही. प्रत्येक एरियाचा लोकसंख्येनुसार काढलेला मध्यबिंदू घ्या. तो हद्दीच्या आत पडला तर एरिया आत, नाहीतर बाहेर. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करू नका. डोंगराकडचे एरिया पसरट असतात आणि घरं एका कोपऱ्यात, त्यामुळे तिथे माळावर माणसं उगवतात.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे थर ब्रिटिश नॅशनल ग्रिड या निर्देशांक पद्धतीत (ईपीएसजी क्रमांक २७७००) आणा. एखाद्या थराची निर्देशांक पद्धत चुकीची नोंदलेली असेल तर बिंदू भलतीकडे जातात आणि उत्तर शून्य येऊ शकतं.

जुनी हद्द धरण्याचा मोह टाळा. कडेला झालेल्या नव्या वसाहती तिच्याबाहेर राहतात आणि घट खऱ्यापेक्षा मोठी दिसते.

घरटी_हिशेब
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तसं अजिबात धरू नका. स्कॉटलंडभर २०११ ते २०२२ या काळात लोकसंख्या २.७ टक्के वाढली, पण कुटुंबं ५.८ टक्के. घरटी सरासरी माणसं २.१९ वरून २.१२ वर आली. एकट्याने राहणाऱ्यांची कुटुंबं ३४.७ वरून ३७.१ टक्के झाली.

याचा अर्थ असा. १,००० भरलेल्या घरांत आधी २,१९० माणसं होती, आता २,१२० आहेत. एकही घर पाडलं नाही, एकही रिकामं पडलं नाही, तरी ३.२ टक्के माणसं कमी झाली. इनव्हरक्लाइडची याच काळातली घट ३.८ टक्के आहे. मुलं बाहेर गेली, जोडीदार गेला, पण घर चालूच आहे. 'लोक सोडून चालले, आता घरं बांधायची कशाला' हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो, आणि त्याची किंमत घर शोधणाऱ्याला मोजावी लागते. अर्थात २.१९ आणि २.१२ हे देशाचे आकडे आहेत, ग्रीनॉकचं गुणोत्तर स्वतंत्र काढा.

ते काढताना एकूण लोकसंख्येला कुटुंबसंख्येने भागू नका. वृद्धाश्रम, वसतिगृहं, तुरुंग इथली माणसं आधी वजा करा. ग्रीनॉकमध्ये तुरुंग आहे, त्यामुळे ज्या एरियात तो येतो तिथलं गुणोत्तर हमखास फुगतं.

आपल्याकडच्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते सामाईक चुलीवरून. तिथे स्वयंपाकाच्या सोयीबरोबर बैठकीची किंवा जेवणाची जागाही सामाईक लागते.

भाडेपावती
तिसऱ्याबद्दल: दोन्ही रकाने एकत्र करून 'सामाजिक भाडेकरू' असा एकच गट करा. इनव्हरक्लाइड कौन्सिलने २००७ मध्ये आपली घरं गृहनिर्माण संस्थांकडे सोपवली, त्यातली बहुतेक रिव्हर क्लाइड होम्सकडे. घर तेच, भाडेकरू तोच, फक्त मालक बदलला. वेगळे ठेवले तर २००१ आणि २०११ च्या मध्ये जणू उलथापालथ झाली असं वाटेल. शिवाय सवयीने 'कौन्सिल'वर खूण करणारे असतातच. एकत्र केल्यावर जो फरक उरतो तो खरा: भाडेकरूंनी विकत घेतलेली घरं (हा हक्क स्कॉटलंडमध्ये २०१६ ला संपला), पाडलेल्या इमारती आणि नवी बांधणी.

रिकाम्या घरांसाठी जनगणनेवर अवलंबून राहू नका. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही सरकारी संस्था दरवर्षी कौन्सिल टॅक्सच्या (तिथल्या घरपट्टीच्या) नोंदींवरून घरांचे आकडे देतं. त्यात भरलेली, बराच काळ रिकामी आणि दुसरं घर म्हणून ठेवलेली असे भाग असतात.

नकाशावाचक
आभारी आहे. २०२२ मध्ये छोट्या एरियांची बेरीज दुसऱ्या तक्त्याशी तीन-चारने चुकते. माझीच चूक?

सीमारेषा
नाही. ओळख उघड होऊ नये म्हणून २०२२ च्या तक्त्यांतल्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केलेला असतो. छोट्या एरियांचे आकडे जोडत जाल तसा तो साठतो. शक्य तितक्या मोठ्या एककाचा आकडा थेट घ्या, आणि पाच-दहा माणसांच्या फरकावर काहीही उभारू नका. प्रतिसाद ९० टक्क्यांच्या आसपास होता म्हणून वर काही मिळवूही नका, प्रसिद्ध आकड्यांत न भरलेल्या अर्जांचा अंदाज आधीच धरलेला आहे.


१९९१ पर्यंत मागे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तेव्हा विद्यार्थी आईवडिलांच्या घरी मोजले जात, २००१ पासून शिकतात त्या पत्त्यावर.