मदत हवी आहे : खासदारांच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर आमच्या खासदारांनी २०२५ मध्ये लोकसभेत काय केलं, याचं एक पान लावायचं ठरलंय. पहिल्यांदाच निवडून आलेत, बसायला मागचा बाक. टीव्हीवर कधी दिसत नाहीत, म्हणून लोक सरळ म्हणतात, "हा माणूस तोंडच उघडत नाही." मला ते पटत नाही.

संसदेच्या संकेतस्थळावरून अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांची नोंद काढली. शून्य प्रहरात (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे मुद्दे मांडायची वेळ) आमच्या रेल्वे फाटकाबद्दल ते जेमतेम दोन मिनिटं बोललेत. शाळेची मुलं रोज तिथे ताटकळतात, हे त्यांनी नेमकं सांगितलंय. वाचून खरंच बरं वाटलं.

अडचण आकड्यांची आहे. दिवसाला तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) २०, त्यातले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात मोजकेच. बाकीच्यांची उत्तरं लेखी. एकाच प्रश्नावर कधी कधी एकाहून जास्त खासदारांची नावं असतात, मग तो प्रश्न कुणाचा धरायचा? नियम ३७७ खालचे मुद्दे (खासदार आपल्या भागाचे वगैरे प्रश्न ज्या नियमाखाली मांडतात ते) तर कित्येकदा वाचून न दाखवता नुसते लेखी पटलावर ठेवले जातात. ते 'बोलले' म्हणून मोजू का? मला वेगळा रकाना योग्य वाटतो.

आणि ३७७ च्या मुद्द्यावर मंत्र्यांनी खासदारांना काय कळवलं, ते सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळतं? खासदारांच्या कार्यालयाकडेच मागावं लागतं का? कुणी असं पान केलं असेल तर कृपया नमुना दाखवा. गावात चुकीचा आकडा लागायला नको.