निवासी देखभाल केंद्राची पाहणी करताना नेमके काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. वृद्ध आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती कायमच्या राहतात अशा एका देखभाल केंद्राची पाहणी करण्यासाठी तीन जणांची समिती नेमली गेली आहे आणि त्यात माझी निवड झाली आहे. मी हिशेब तपासनीस म्हणून काम करतो. वैद्यकीय शिक्षण माझे नाही. तयारी म्हणून मागच्या पाहणीचा अहवाल वाचला. स्वच्छता समाधानकारक, नोंदी अद्ययावत, कर्मचारी सौजन्याने वागणारे, असे सारे त्यात आहे. मात्र अहवाल वाचून संपला तरी तिथल्या एकाही माणसाचा दिवस कसा जातो, हे मला कळले नाही.

असा अहवाल माझ्या हातून होऊ नये अशी मनापासून इच्छा आहे. पाहणी कोठून सुरू करावी, कोणत्या नोंदी मागाव्यात, आणि वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाला काळजी नीट घेतली जात आहे की नाही हे कशावरून ओळखता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

मी निवृत्त परिचारिका आहे आणि माझी बरीच वर्षे अशाच केंद्रांत, त्यातही रात्रपाळीत गेली. आपण हिशेब तपासता ही मोठी जमेची बाजू आहे, कारण अशा ठिकाणची हयगय बहुतेक वेळा दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच सापडते.

सुरुवात कार्यालयातून करू नका. तिथे बसलात की चहा येतो, फायली येतात आणि सकाळ संपते. आधी सर्वांत आतल्या खोलीत, स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या व्यक्तीकडे जा. त्यांची परवानगी घ्या, तिथल्या परिचारिकेला सोबत ठेवा आणि टाचा पाहू द्या असे सांगा. माकडहाड, कंबरेची बाजू आणि टाचा या जागी हाड त्वचेच्या अगदी जवळ असते आणि दाबामुळे होणारी जखम, म्हणजे ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात ती, तिथेच आधी होते. त्वचेवरचा लालसर डाग बोटाने दाबल्यावर क्षणभर फिका पडत नसेल, तर इजा सुरू झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही; तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा गडद, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी लागते. हे तपासण्याचे काम परिचारिका करील, परंतु ती ते किती सहजपणे करते आणि त्या टाचेची अवस्था तिला आधीपासून ठाऊक आहे का, हे कोणालाही दिसते.

त्यानंतर कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता मागा. एका केंद्रात मी दुपारी सव्वातीनला एका आजोबांच्या खाटेशी उभी होते. तक्त्यात संध्याकाळी सहापर्यंतचे रकाने एकाच शाईने, एकाच हाताने भरलेले होते. दोनच्या रकान्यात ‘डाव्या कुशीवर’ असे लिहिले होते, आजोबा पाठीवर होते आणि त्यांच्या खालची चादर ओली होती. ज्या मुलीने ते भरले ती वाईट नव्हती; तिच्याकडे एकटीकडे इतक्या खाटा होत्या की लिहिणे आणि करणे यांपैकी एकच शक्य होते. म्हणून असा तक्ता सापडला की त्या मुलीला दोष देऊन थांबू नका, त्या पाळीला माणसे किती होती ते विचारा. पाळ्यांचा तक्ता, हजेरीपट आणि पगारपत्रक ही तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून पाहणे तर आपल्या रोजच्या कामातलेच आहे. कागदावर रात्री चार जण आणि पगार दोघांचा, असे आढळले तर पुढचे पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

वजनाची नोंदवहीही अवश्य पाहा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन नकळत घटणे ही गंभीर बाब मानली जाते. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींचे महिन्यात अडीच किलो कमी झाले, तर कोणीतरी त्याची दखल घेऊन काहीतरी केलेले असायला हवे. सलग सहा महिने तोच आकडा दिसत असेल तर वजन घेतलेच गेलेले नाही, अशी शंका घ्यावी. उभ्या राहू न शकणाऱ्यांना कशावर मोजता, तो काटा दाखवा, असे सांगा. काटा अडगळीत सापडला, तर नोंदवहीतील आकडे कोठून आले हे विचारता येईल.

औषधांच्या बाबतीत शिल्लक गोळ्या मोजून त्या तक्त्याशी जुळवून पाहा आणि इन्सुलिन ठेवलेल्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान आहे का ते बघा. अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे शांत ठेवण्याची औषधे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारांवरची काही औषधे दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो या गटातील जुन्या औषधांनाही लागू केला. तरीही रात्री त्रास नको म्हणून ती सुरू होतात आणि मग बंद करण्याचा विचार कोणी करत नाही. अशा प्रत्येक औषधासमोर कारण, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांनी पुन्हा विचार केल्याची तारीख आहे का, एवढे पाहणे आपल्याला नक्की जमेल.

प्रतिसाद २

माझी आई चार वर्षे अशा केंद्रात होती. अहवालाचे नियम मला माहीत नाहीत, म्हणून एकच गोष्ट लिहिते. प्रत्येक खाटेशेजारी पाण्याचा पेला असायचा, भरलेला आणि झाकलेला. तो मेजाच्या पलीकडच्या कडेला असायचा आणि आईचा उजवा हात उचलला जात नसे. संध्याकाळी तोच पेला ओतून दिला जाई, सकाळी नवा भरला जाई आणि नोंदवहीत पाणी दिल्याचे लिहिले जाई. मला हे कळायला तीन महिने लागले. तोपर्यंत तिचे ओठ कोरडे का पडतात, ती दुपारी गोंधळल्यासारखी का बोलते, हे मी वयामुळे असेल असे समजत होते.

कृपया प्रत्येक खोलीत पाण्याचा पेला आणि बोलावण्याच्या बेलची दोरी त्या व्यक्तीच्या चांगल्या हाताच्या टप्प्यात आहे का, ते पाहा. एखाद्या खोलीत बेल स्वतः वाजवा आणि कोणी यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा.

प्रतिसाद ३

इमारतींच्या अग्निसुरक्षेचे काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचे लिहितो.

भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरची तारीख सगळेच पाहतात. मी आधी दारे पाहतो. आग आणि धूर अडवण्यासाठी बसवलेली, आपोआप बंद होणारी दारे पाचर किंवा खुर्ची लावून उघडी ठेवलेली असतील, तर त्यांचा उपयोग नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला दर वेळी दार उघडणे त्रासाचे असते हे मला मान्य आहे. त्यावर धोक्याची घंटा वाजताच दार सोडून देणारी चुंबकीय पकड हा उपाय आहे, पाचर नव्हे. खाटेवरून न उठणाऱ्या माणसांना जिन्यावरून खाली नेणे रात्रीच्या दोन-तीन कर्मचाऱ्यांना जमत नाही. म्हणून आधी त्याच मजल्यावर, पुढच्या बंद दारापलीकडच्या सुरक्षित भागात हलवायचे असते. रात्रपाळीच्या कोणत्याही एका कर्मचाऱ्याला विचारा, ‘या खोलीत आग लागली तर सर्वांत आधी कोणाला आणि कुठे न्याल?’ उत्तर देताना तो कागद शोधू लागला, तर सराव झालेला नाही.

दुसरी बाब गरम पाण्याची. पाण्यात लिजिओनेला हे फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे जंतू वाढू नयेत म्हणून टाकीतील पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. हे जंतू साधारण २० ते ४५ अंशांत जोमाने वाढतात. पण तेच ६० अंशांचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत त्वचा भाजते, आणि ज्याला भाजल्याचे पटकन जाणवत नाही किंवा जो चटकन बाजूला होऊ शकत नाही त्याची अवस्था फार वाईट होते. म्हणून नळापाशी थंड पाणी मिसळून ते साधारण ४४ अंशांच्या वर जाऊ न देणारी झडप हवी. खिशात थर्मामीटर ठेवा आणि न्हाणीघरातील नळाखाली स्वतः धरून पाहा.

पलंगांचे कठडेही बारकाईने बघा. दोन आडव्या दांड्यांमधील फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी, नाहीतर डोके अडकू शकते. गोंधळलेली पण हालचाल करू शकणारी व्यक्ती कठडा ओलांडायला जाते आणि अधिक उंचीवरून पडते, त्यामुळे सरसकट सर्वांना कठडे लावलेले असणे हे चांगल्या देखभालीचे लक्षण समजू नये.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. दोन शंका उरल्या आहेत. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे आणि जे स्वतःविषयी काही सांगू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत काय करावे? आणि खरोखरच काही गंभीर आढळले, तर ते अहवालात लिहिण्यापलीकडे माझी काय जबाबदारी आहे?

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ लिहिणारी)

पहिल्या शंकेसाठी बसायच्या खोलीत एका कोपऱ्यात खुर्ची घ्या आणि निदान एक तास हलू नका. स्मृतिभ्रंशाच्या देखभालीचे अभ्यासक टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात यासाठी एक रीतसर पद्धत विकसित केली होती, तिच्यात काही निवडक व्यक्तींवर लक्ष ठेवून दर पाच मिनिटांनी नोंद केली जाते. आपल्याला पूर्ण पद्धत शिकण्याची गरज नाही, पण दर पाच मिनिटांनी लिहिण्याची शिस्त उचलण्यासारखी आहे. या वेळात कोणी त्या व्यक्तीशी बोलले का, व्हीलचेअर मागून ढकलण्याआधी ‘आता आपण जेवायला जाऊ या’ असे समोर येऊन सांगितले का, भरवणारी बसून भरवते की उभ्याने, घास गिळून होईपर्यंत थांबते का, एवढेच टिपा. जेवणाची वेळ साधलीत तर एका तासात पुष्कळ काही दिसेल. एकदा रात्री किंवा पहाटे, आधी न कळवता जा.

पडण्याच्या घटनांची नोंदवही मागायला विसरू नका. जिथे इतकी अशक्त माणसे राहतात तिथे वर्षभर कोणीच पडले नाही, असे होत नाही. कोरी वही मला भरलेल्या वहीपेक्षा अधिक घाबरवते. प्रत्येक पडण्यानंतर काय बदलले, म्हणजे चष्मा, चप्पल, औषध, दिवा, खाटेची उंची यांपैकी कशाचा तरी विचार झाला का, हे वाचा.

दुसऱ्या शंकेविषयी. कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, केंद्रप्रमुखांना व्यक्ती, जागा आणि वेळ यांसह लेखी कळवा, पोच घ्या, आणि आपली समिती नेमणाऱ्यांनाही तीच प्रत पाठवा. मारहाण किंवा जाणूनबुजून उपासमार झाल्याची शंका असेल, तर संबंधित शासकीय यंत्रणेला कळवणे आपल्याला टाळता येणार नाही. ज्या आजींनी किंवा ज्या मदतनीस मुलीने आपल्याजवळ तोंड उघडले, त्यांचे नाव मात्र कोणाच्याही कानावर जाऊ देऊ नका. आपण निघून गेल्यावर त्यांना तिथेच राहायचे असते. म्हणून एकीशीच बोलून बाहेर पडू नका, पाचसहा जणांशी सारखाच वेळ बोला. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जाल तेव्हा पहिल्या दिवशी ज्या टाचा पाहिल्या, त्या खाटेपाशी आधी जा.