गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाबद्दल पोलिसांना सांगितलं, ती माहिती पुढं कुठं जाते?

मिरज_टूव्हीलर
नमस्कार मंडळी. मिरजेत जुन्या टूव्हीलर घेणं-विकणं हा आमचा वडिलांपासूनचा धंदा. परवा दोघं जण दुकानात आले, ओळखीचे न्हवते, एकच बोलत होता. गाडी कुठलीही चालंल म्हणाले, ॲव्हरेज विचारलं नाही, टायर बघितलं नाही, किंमत कमी करा म्हणून एक शब्द नाही, पैसे रोख आणि आत्ता देतो म्हणाले, फक्त नावावर करायची नाही, आरसी आहे तशी राहू दे. आधारची झेरॉक्स मागितली तर कागवाडला राहिलीय, घेऊन येतो म्हणाले ते परत आलेच नाहीत. आता नावावर करायला टाळाटाळ करणारे रोजच भेटतात, कुणाला आरटीओचा खर्च वाचवायचा असतो, कुणाला पुढं विकायची असते, पण घासाघीस न करणारं गिऱ्हाईक काही मी बघितलेलं नाही म्हणून ते डोक्यातनं जाईना. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला ती कारपण बऱ्याच जणांच्या हातातनं फिरलेली होती, तेव्हापासून आम्ही सगळेच धंदेवाले या बाबतीत धास्तावलोय.
तर ठाण्यात जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं, कागदावर लिहिलं, बघतो म्हणाले. माझा प्रश्न असाय की हे पुढं कुठं जातं का? म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक लागतं. तीच दोघं उद्या तिकडं अथणीत नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या जतला दुसऱ्या डीलरकडं गेली आणि त्यानंपण तिथल्या पोलिसांना सांगितलं, तर या दोन्ही गोष्टी एका टेबलावर कधी येतात का, का आपापल्या ठाण्याच्या कपाटातच राहतात? कुणाला खात्रीनं माहिती असंल तर सांगा.

कृष्णाकाठ_रिटायर्ड
भाऊ, सांगितलंत हे फार चांगलं केलंत. मी खात्यातनं रिटायर झालोय, बरीच वर्षं गोपनीयला होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. प्रत्येक ठाण्यात एक गोपनीय अंमलदार असतो, म्हणजे अशी खबर गोळा करून वर कळवणारा पोलीस. त्याच्याकडं आलेली माहिती एसपी ऑफिसच्या जिल्हा विशेष शाखेत जाते, तिथनं राज्य गुप्तवार्ता विभागाकडं, आणि प्रकरण दहशतवादाच्या अंगाचं वाटलं तर एटीएसकडं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडं. दिल्लीत आयबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याच्या हाताखाली मल्टी एजन्सी सेंटर आहे, मॅक म्हणतात त्याला, राज्यांत त्याची उपकेंद्रं आहेत, आणि वेगवेगळ्या एजन्सींची माहिती एका जागी यावी हेच त्याचं काम. कारगिलनंतर मंत्रिगटानं शिफारस केली म्हणून २००१ ला ते निघालं, पण खरा जोर आला तो २६/११ नंतर, ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशानं.
२६/११ ला मुंबईत बधवार पार्कच्या किनाऱ्यावर ती हल्ला करणारी पोरं बोटीतनं उतरली तेव्हा कोळी लोकांनी बघितली होती, कोण तुम्ही म्हणून हटकलंसुद्धा होतं. ताज, ओबेरॉयला धोका आहे अशा सूचनापण आधी येऊन गेलेल्या होत्या. नंतर राम प्रधान समितीनं चौकशी केली, त्यात आलेल्या सूचनांचं पुढं काय करायचं यातच गोंधळ होता हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बघणारा होता, सांगणारा होता, पण सांगितलेलं योग्य माणसापर्यंत वेळेत गेलं नाही. या गोष्टीनं मला अजून त्रास होतो.
तुमच्या बाबतीत सगळं अडतंय ते पहिल्या पायरीवर. कागदावर लिहिलं म्हणजे नोंद झाली असं धरू नका. परत जा, गोपनीयवाल्यांना भेटायचंय म्हणा, आणि स्टेशन डायरीला, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद झाली का ते शांतपणे विचारा. नोंदच नसंल तर जतवाल्यानं सांगितलेलं तुमच्या माहितीला जोडायचं कुणी आणि कशाला?

अजिंक्यतारा_आई
मी साताऱ्याची. हद्द ओलांडली की काय होतं हे आमच्याएवढं कुणाला माहिती नसंल. आमच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मोटरसायकलवरनं आलेल्या दोघांनी गोळ्या घातल्या. मग फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला लेखक कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश. दोन राज्यं, चार शहरं, प्रत्येक ठिकाणी वेगळी तपास यंत्रणा. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यासाठी वापरलेलं पिस्तूल एकच होतं हे फॉरेन्सिकमध्ये निघालं. कर्नाटकच्या एसआयटीनं, म्हणजे विशेष तपास पथकानं, लंकेश प्रकरणात माणसं धरली, तो धागा इकडं आला, ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या एटीएसनं नालासोपाऱ्यात शस्त्रं आणि स्फोटकं पकडली, आणि मग कुठं दाभोलकरांच्या केसमध्ये गोळी झाडणाऱ्यांपर्यंत हात पोचला, दोघांना १० मे २०२४ ला जन्मठेप झाली. पहिला खून झाल्यावर पाच वर्षांनी धागा जुळला, मध्ये तीन माणसं गेली. या चारही घटना दहशतवाद म्हणायच्या का नाही यावर कोर्टात वाद झाले, मला त्यात पडायचं नाही. पण मिरजेची माहिती अथणीला कळते का हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो विचारत राहा.

बँकेतला_विटेकर
आमच्याकडं यासाठी पक्की पद्धत आहे म्हणून सांगतो. खात्यावरचा व्यवहार संशयास्पद वाटला की बँकेला एफआययूला, म्हणजे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, रिपोर्ट द्यावा लागतो, एसटीआर म्हणतात त्याला. एफआययू अर्थ खात्याखाली २००४ पासून आहे, सगळ्या बँकांचे रिपोर्ट तिथं एकत्र येतात आणि लागंल त्या तपास यंत्रणेला जातात. खातेदाराला आम्ही कळू द्यायचं नसतं, कायद्यानंच बंदी आहे. तुम्हा दुकानदारांना असा ठरलेला फॉर्म नाही, तिथंच सगळं समोर बसलेल्या अंमलदाराच्या मनावर येतं, हे बदलायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

वकील_सातारा
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण दुसरी बाजूपण बघा. अमेरिकेत हे सगळं आपल्या आधी होऊन गेलंय. ९/११ च्या आधी जुलै २००१ मध्ये फिनिक्सच्या एका एफबीआय अधिकाऱ्यानं विमान शिकायला येणाऱ्या काही लोकांबद्दल वर लिहून कळवलं होतं, ऑगस्टमध्ये मिनेसोटात फ्लाइंग स्कूलवाल्यांनीच एका विद्यार्थ्याबद्दल सांगितलं आणि त्याला अटकपण झाली, पण या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवल्याच नाहीत. म्हणून मग त्यांनी वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र करणारी फ्यूजन सेंटर काढली, गावच्या पोलिसानं लिहिलेला संशयास्पद हालचालीचा रिपोर्ट सगळ्यांना दिसावा अशी देशभराची व्यवस्था केली. मे २०१० मध्ये टाइम्स स्क्वेअरला धूर येणारी गाडी रस्त्यावरच्या विक्रेत्यांनी बघून पोलिसाला सांगितली आणि बॉम्ब फुटायच्या आत निकामी झाला, हा त्या सवयीचा फायदा.
पण २०१२ मध्ये त्यांच्याच सिनेटच्या उपसमितीनं या सेंटर्सवर फार कडक लिहिलं, रिपोर्ट निकृष्ट, उशिरा येणारे, आणि काही तर नागरिकांच्या हक्कांवरच येणारे. बोस्टनमध्ये गॅसच्या टाकीवरच्या चित्राचा फोटो काढू पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या कॅलिफोर्नियातल्या घरी एफबीआयवाले चौकशीला गेले! त्यांच्या नियमातच लिहिलंय की वंश, धर्म, मूळ देश यावरनं संशय धरायचा नाही, वागणं बघायचं. तरी असं होतं. आणि एकदा नाव यादीत गेलं की ते दहा कार्यालयांत जातं, काढायचं कुणाकडं जाऊन? जेवढी माहिती जास्त ठिकाणी फिरणार तेवढी पहिली नोंद नीट पाहिजे.
म्हणून मिरजवाले दादा, तुम्ही जे लिहिलंय त्यात जात, धर्म, दाढी, भाषा काहीच नाही, फक्त काय केलं आणि काय बोलले एवढंच आहे. ठाण्यात पण असंच सांगा. आणि घाबरू नका, खबर कुणी दिली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये ते आहे.

मिरज_टूव्हीलर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत गेलतो. गोपनीयचे हवालदार भेटले, अर्धा तास बसवून सगळं विचारलं, उंची, बोलणं, कुठल्या गाडीवरनं आलते. गाडीचा नंबर मला अर्धाच आठवला, केए २३ एवढं. चिकोडी आरटीओचा आहे म्हणाले, तिकडं कळवतो. डायरीला नोंद घेतली आणि नंबर दिला. अजून एक, दुकानाच्या सीसीटीव्हीत दोघं दिसतात, ते मागितलं नाही, आपणहून द्यावं का?

कृष्णाकाठ_रिटायर्ड
द्याच, आणि आजच द्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, आधी पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या आणि मूळ मशीनमधलं तसंच ठेवा. कॅमेऱ्यातलं घड्याळ मागं-पुढं असंल तर तेपण सांगा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो अजिबात टाकू नका, दोघं निर्दोष असली तर पोरांचं आयुष्य खराब होईल आणि नसली तर सावध होतील. परत दुकानात आली तर नेहमीसारखं बोला, आत जाऊन ११२ ला फोन करा, अडवायच्या भानगडीत पडू नका. जत-अथणीकडचे तुमचे ओळखीचे डीलर असतील तर त्यांना एवढंच सांगा की असं गिऱ्हाईक आलं तर आपापल्या ठाण्यात नोंद करा आणि मिरजेत आधी नोंद झालीय हे तिथं सांगा, तुमचा डायरी नंबर द्या.