रोव्हर ‘उतरला’, ‘उतरवला’ की ‘अवतरला’?

परग्रहावरच्या मोहिमांबद्दल वाचताना रोव्हरसाठी, म्हणजे तिथे फिरणाऱ्या चाकांच्या यंत्रासाठी, ही तिन्ही रूपं दिसतात. नेमकं कोणतं? आणि सॉफ्ट लँडिंगला ‘मृदू अवतरण’च म्हणायचं का?

– ‘अवतरला’ नको, ते देवादिकांना राहू द्या. आणि मृदू असते ती माती, नाहीतर वाणी. ‘अलगद उतरला’ म्हणा की सरळ.

– खरी गोची ‘उतरला’मध्येच आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरला तो चांद्रयान-३ चा विक्रम, म्हणजे लँडर. प्रज्ञान हा रोव्हर त्याच्या पोटात होता. काही तासांनी तो उतरत्या फळीवरून चाकांवर खाली आला. म्हणजे तोही ‘उतरला’च, पण गाडीतून उतरावं तसा! म्हणून मी लँडर ‘उतरला’ आणि रोव्हर ‘बाहेर पडला’ असं लिहितो.

मंगळावरच्या क्युरिऑसिटी (२०१२) आणि पर्सिव्हिअरन्सला (२०२१) मात्र असा लँडर नव्हताच. रॉकेटं लावलेल्या सांगाड्याने सुमारे टनभर वजनाचा रोव्हर दोरांनी खाली सोडला, थेट चाकांवर. चाकं टेकली, दोर कापले गेले, सांगाडा लांब जाऊन पडला. टचडाउनला ‘टेकणं’ याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. (या सांगाड्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘स्काय क्रेन’ म्हणतात. क्रेन म्हणजे यारी हे खरं, पण ‘आकाशी यारी’ म्हणू नका, लोकांना दोस्तीच वाटेल.)

– मग अपॉर्च्युनिटीचं काय? २००४ मध्ये तो हवेच्या पिशव्यांत गुरफटून मंगळावर पडला आणि टप्पे खात खात एका छोट्या विवरात जाऊन थांबला. याला अलगद म्हणवत नाही. पण यंत्र शाबूत राहिलं, वर्षानुवर्षं फिरलं. ‘सुखरूप उतरला’ दोन्हीकडे चालेल.

– ‘सुखरूप’ पटलं. ‘उतरवला’ मात्र खटकतं. पर्सिव्हिअरन्सच्या वेळी संदेश पृथ्वीवर पोचायला अकरा मिनिटं लागत होती आणि उतरण्याचा सगळा खेळ सातेक मिनिटांचा. यान वातावरणात शिरल्याची खबर आली तेव्हा रोव्हर जमिनीवर होता. पॅराशूट उघडण्यापासून सपाट जागा हेरण्यापर्यंत सगळं त्याचं त्यानेच केलं. मग उतरवला कुणी?

– ‘उतरवणं’सारख्या प्रयोजक (करवून घेण्याच्या) क्रियापदाला कर्ता त्या क्षणी हजर असावा लागत नाही. कधी काय करायचं हे आधी माणसांनीच लिहून दिलं होतं. वाक्यात कर्ता माणूस असेल तर ‘उतरवला’, यान असेल तर ‘उतरला’. दोन्ही बरोबर.